भूमिका सावळ्या मुलीची, निवड गोऱ्या अभिनेत्रीची

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी वाचक व्यावसायिक अभिनेत्री आहे. काही वर्षे रंगभूमीवर आणि मालिकांतल्या दुय्यम भूमिकांत काढल्यानंतर तिला पहिल्यांदाच एका चित्रपटात मध्यवर्ती भूमिका देऊ करण्यात आली आहे. संहितेतली नायिका सावळी आहे आणि कथेतले महत्त्वाचे प्रसंग तिच्या रंगावरून झालेल्या अवहेलनेवर उभे आहेत. वाचक स्वतः गोरी आहे. ‘मेकअपने तीन-चार शेड खाली आणू, ते आमच्यावर सोडा,’ असे दिग्दर्शकाने तिला सांगितले आहे. याच भूमिकेसाठी तिच्या एका सावळ्या मैत्रिणीने ऑडिशन दिली होती. ‘रंग जरा जास्तच गडद आहे, पडद्यावर उठणार नाही,’ असे कारण देऊन तिला परत पाठवण्यात आले. वाचक विचारते: अभिनय म्हणजे आपण जे नाही ते होणे, मग इथे वेगळे काय आहे? मी नकार दिला तरी दुसरी एखादी गोरी मुलगीच ही भूमिका करणार, मग माझ्या नकाराने कोणाचे भले होणार? आणि होकार दिला, तर मैत्रिणीला काय सांगू? लूक टेस्ट (मेकअप करून कॅमेऱ्यापुढे घेतली जाणारी चाचणी) पुढच्या आठवड्यात आहे आणि करारावर अजून सही झालेली नाही.

उत्तर:

अभिनय म्हणजे आपण जे नाही ते होणे, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ज्याने जे भोगले त्यानेच ते साकारावे असा नियम केला, तर रंगभूमी उद्याच बंद करावी लागेल. खुन्याची भूमिका करणाऱ्या नटाकडे आपण अनुभवाचा दाखला मागत नाही. मात्र ज्या स्वातंत्र्याचा तुम्ही हवाला देता, ते सगळ्या कलाकारांच्या वाट्याला सारखे येते का, हे एकदा तपासून पाहा. संहितेत ‘गोरीपान, सधन घरातली’ असे लिहिलेले असताना एखाद्या सावळ्या अभिनेत्रीला बोलावून ‘तुम्ही काम उत्तम करता, रंगाचे आम्ही मेकअपने बघून घेऊ,’ असे कोणी म्हटल्याचे तुम्ही ऐकले आहे का? सावळ्या मुलींना मेकअपच्या खुर्चीत दोन शेड उजळ केले जाते, हे तुम्हीही रोज पाहत असाल. पण ते गोऱ्या पात्राची भूमिका द्यायची म्हणून केले जात नाही, तर मिळालेल्या छोट्या भूमिकेत त्या खपाव्यात म्हणून केले जाते. दुसऱ्याच्या कातडीत शिरण्याची मुभा या व्यवसायात एकाच दिशेने मिळते, आणि तुम्हाला देऊ केलेली भूमिका त्या दिशेनेच तुमच्यापर्यंत आली आहे. तुमचा यात काही दोष नाही. तरीही ‘हा तर निव्वळ अभिनयाचा प्रश्न आहे’ असे म्हणणे आता तुम्हालाही जड जाईल, असे मला वाटते.

तुमचे उदाहरण एकटे नाही. 2019 या एकाच वर्षात ‘सुपर 30’मध्ये हृतिक रोशन यांना आणि ‘बाला’मध्ये भूमी पेडणेकर यांना मेकअपने गडद करण्यात आले, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘रंग माझा वेगळा’ या मराठी मालिकेत सावळ्या दीपाची भूमिका रेश्मा शिंदे यांनी अशाच मेकअपसह केली. या कलाकारांच्या अभिनयाबद्दल मला इथे काहीच म्हणायचे नाही. यांतली दोन कथानके रंगावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध बोलणारी होती, ही गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. ‘सावळा रंग कमीपणाचा नाही’ हे सांगण्यासाठी निर्मात्यांनी उजळ रंगाची अभिनेत्री निवडायची आणि तिला रोज सकाळी रंगवायचे, यात जी विसंगती आहे, ती तुमच्या हातातल्या संहितेतही जशीच्या तशी आहे.

म्हणून माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला ते शोधत बसावे लागणार नाही. एखाद्या पात्राचा रंग हा कथेचा विषय तरी असतो किंवा नसतो. विषय असेल, तर तो रंग रोज वागवणाऱ्या अभिनेत्रीला डावलून ती भूमिका दुसऱ्या कोणाला देण्यात कथेचाच पराभव आहे. विषय नसेल, तर रंगवण्याची गरजच उरत नाही. संहितेतला ‘सावळी’ हा शब्द खोडावा आणि तुम्ही तुमच्या रंगात ती भूमिका करावी. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी गडद मेकअपला जागा सापडत नाही. तुमच्या पत्रावरून तुमची संहिता पहिल्या प्रकारातली दिसते, आणि तसे असेल तर ही भूमिका, आहे त्या स्वरूपात, तुम्ही स्वीकारू नये असे मला वाटते. पण ‘आहे त्या स्वरूपात’ या शब्दांना इथे महत्त्व आहे, कारण नकार आणि होकार यांच्यामध्ये तुमच्या हातात अजून एक आठवडा आहे.

तो आठवडा कसा वापरायचा हे सांगण्याआधी ‘पडद्यावर उठणार नाही’ या कारणाविषयी बोलायला हवे. हे कारण तांत्रिक भाषेत दिले जाते, म्हणून ऐकणारा गप्प बसतो, आणि तुमच्या पत्रातही तुम्ही ते न तपासताच मान्य केलेले दिसते. या समजुतीला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून रंगीत प्रिंटचे रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना गोऱ्या तरुणीचे छायाचित्र असलेले नमुना-कार्ड पुरवत असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा ठीक दिसली की प्रिंट ठीक. गडद छटांतले बारकावे फिल्मवर उतरत नाहीत ही तक्रार कंपनीने पुढे मनावर घेतली, त्यात गडद लाकडाचे फर्निचर आणि चॉकलेट यांच्या जाहिराती करणाऱ्यांचा मोठा हातभार होता, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. माणसांच्या चेहऱ्यांना तेवढे वजन मिळाले नाही, हे त्यातले कडू सत्य.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांना ही अडचण नाही. सावळा चेहरा ‘उठत नाही’ तो बहुतेक वेळा प्रकाशयोजनेच्या आळसामुळे. गोऱ्या चेहऱ्यासाठी लावलेले दिवे तसेच ठेवून, मागे पांढरी भिंत ठेवून सावळ्या अभिनेत्रीला उभे केले, तर चेहरा बुजणारच. भिंतीच्या उजेडाला धरून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायच्या उजेडाचे प्रमाण, ठेवले की चेहऱ्याच्या वाट्याला अंधार येतो. पार्श्वभूमी थोडी गडद घेतली, बाजूने मोठा आणि मऊ प्रकाश दिला, रिफ्लेक्टरने गालाच्या उंचवट्यावर उजेड परतवला आणि त्वचेवर कोरडी पावडर थापण्याऐवजी थोडे मॉइश्चरायझर राहू दिले, तर तोच चेहरा पडद्यावर जिवंत होतो. चांगल्या छायालेखकांना हे नवीन नाही. 1977 च्या ‘भूमिका’साठी गोविंद निहलानी यांनी स्मिता पाटील यांचा चेहरा जुन्या फिल्मवर, आजच्या मानाने तुटपुंज्या साधनांनी टिपला, आणि त्या कामासाठी स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे ‘चक्र’साठी तो पुन्हा मिळाला. त्या काळी जे फिल्मवर जमले, ते आज जमत नसेल, तर अडचण अभिनेत्रीच्या त्वचेत नाही.

तुमच्या मैत्रिणीला दिलेल्या कारणातली आणखी एक गोम मला अस्वस्थ करते. सावळ्या मुलीच्या भूमिकेसाठी सावळी मुलगी ‘जास्त सावळी’ ठरली, याचा अर्थ निर्मात्यांना सावळेपणाची खूण तेवढी हवी आहे; असा सावळेपणा, जो चित्रीकरण संपल्यावर पुसता येईल आणि चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी मूळ उजळ चेहरा मिरवता येईल. ‘बघा, खऱ्या आयुष्यात ती किती वेगळी दिसते’ अशा मुलाखती तुम्हीही पाहिल्या असतील. ज्या सावळ्या मुली तो चित्रपट पाहतील त्यांना त्या मुलाखतींतून काय कळेल, याचा विचार प्रसिद्धीचे वेळापत्रक आखणारे करत नाहीत. तुम्ही तरी करून ठेवा, कारण त्या खुर्चीत बसून उत्तरे तुम्हाला द्यायची आहेत.

प्रेक्षकांना सावळी नायिका चालत नाही, हेही दिग्दर्शकांनी तुम्हाला सांगितले असेल किंवा सांगतील. 2005 मध्ये झी टीव्हीवर सुरू झालेल्या ‘सात फेरे’ या हिंदी मालिकेत सावळ्या सलोनीची भूमिका राजश्री ठाकूर या खरोखरच सावळ्या मराठी अभिनेत्रीने केली, आणि प्रेक्षकांनी ती मालिका उचलून धरली. प्रेक्षकांच्या नावावर खपवली जाणारी भीती पुष्कळदा प्रेक्षकांना विचारलेलीच नसते.

आता तुमचा दुसरा प्रश्न: मी नाही म्हटले तरी दुसरी गोरी मुलगी ती भूमिका करील. बहुधा करील. तुमच्या एकटीच्या नकाराने या व्यवसायाची रीत बदलेल असे आश्वासन मी देणार नाही, आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे: तुमच्यापुढे फक्त दोन पर्याय आहेत, गप्प राहून भूमिका करणे किंवा गप्प राहून ती सोडणे. तिसरा पर्याय बोलण्याचा आहे, आणि तो आज, सहीच्या आधी, तुमच्या मैत्रिणीपेक्षा तुम्हाला कितीतरी अधिक सोपा आहे. तिने आक्षेप घेतला तर ‘भूमिका मिळाली नाही म्हणून बोलते’ असे लोक म्हणतील. तुम्हाला तसे कोणी म्हणू शकत नाही, कारण भूमिका तुमच्या हातात आहे.

म्हणून लूक टेस्टच्या आधी दिग्दर्शकांशी बोला. निर्मात्यांशी नको, सहायकांशीही नको. फोन करून वेळ घ्या आणि शक्य झाल्यास समोर बसून बोला. ते जमले नाही तर असा निरोप पाठवा:

‘सर, संहिता मला मनापासून आवडली आहे आणि मला हे काम करायचे आहे. मात्र नायिकेच्या रंगाचे प्रसंग वाचल्यावर वाटते की मेकअपने रंग बदलून ते केले, तर प्रेक्षकांचे लक्ष मेकअपकडे जाईल आणि चित्रपटावर टीका होईल. दोन गोष्टी सुचवू का? या भूमिकेसाठी सावळ्या अभिनेत्रींच्या ऑडिशन्स पुन्हा एकदा, योग्य प्रकाशात घ्याव्यात. किंवा हे प्रसंग बदलता येत असतील, तर मी माझ्या रंगात लूक टेस्ट देते. संहितेतल्या मोठ्या बहिणीच्या भूमिकेसाठी माझा विचार झाला, तरी मला आनंद होईल.’

मोठी बहीण मी उदाहरणादाखल घातली आहे. तुमच्या संहितेत जी दुसरी दमदार भूमिका असेल, तिचे नाव तिथे लिहा. निरोपात आरोप नसावा. ‘तुम्ही वर्णभेद करता’ असे ऐकून आजवर कोणी दिग्दर्शक विचारात पडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. चित्रपटाचे नुकसान होईल म्हटले की मात्र ते कान देतात. ती टीकेची भीती खोटीही नाही. कृष्णवर्णीय गायिका नीना सिमोन यांच्यावरच्या 2016 च्या इंग्रजी चित्रपटात त्यांच्यापेक्षा उजळ रंगाच्या अभिनेत्री झोई साल्दाना यांना मेकअपने गडद केल्यावर मोठा वाद झाला, आणि 2020 मध्ये ही भूमिका आपण करायला नको होती, असे सांगून त्यांनी स्वतःच माफी मागितली.

दिग्दर्शकांनी लूक टेस्टचा आग्रह धरलाच, तर ती टाळू नका, पण ती पाहायची कशी हे ठरवून जा. दिग्दर्शक मॉनिटरवर चेहऱ्याचा क्लोज-अप पाहतील. तुम्ही कानामागची जागा पाहा, केसांची रेषा पाहा, बोटांची पेरे आणि नखांभोवतीची त्वचा पाहा. सावळ्या माणसाचे तळहात उजळ असतात, पेरांवर छटा गडद होते, ओठांचा आणि डोळ्यांखालचा रंग वेगळा असतो. एका डब्यातला बेस या सगळ्याला सारखाच लागतो आणि चेहरा धुरकटलेला दिसतो. घाम आला की गळ्याशी रेघ उमटते, पांढऱ्या कॉलरला रंग लागतो, आणि सकाळच्या व संध्याकाळच्या शॉटमधला रंग जुळत नाही. हे सगळे टेस्टच्या दिवशी उघड्या उन्हात तपासायला सांगा. तत्त्वाच्या वादात न हरणारे दिग्दर्शक कंटिन्युइटीच्या, म्हणजे एका शॉटचे दुसऱ्याशी जुळण्याच्या, वादात पुष्कळदा हरतात, आणि तुमच्या स्वतःच्या रंगातली दुसरी टेस्ट त्याच दिवशी घ्यायला लावण्याची संधी तिथेच मिळते.

पैशांचा आणि संधीचा मुद्दा मी हलका मानत नाही. इतक्या वर्षांनंतर आलेली मध्यवर्ती भूमिका सोडा असे सांगणे सल्ला देणाऱ्याला फार स्वस्त पडते. घरखर्च या कामावर अवलंबून असेल आणि बोलूनही काही बदलले नाही, म्हणून तुम्ही होकार दिलात, तर मी तुम्हाला दोषी ठरवणार नाही. तेव्हा निदान काही गोष्टी पदरात पाडून घ्या. नायिकेच्या लहानपणीच्या भूमिकेसाठी आणि तिच्या कुटुंबातल्या भूमिकांसाठी सावळेच कलाकार घेतले जावेत हे आधी बोलून घ्या, नाहीतर सगळ्या कुटुंबाला एकाच डब्यातून रंग लावला जाईल. प्रसिद्धीत ‘मूळचा चेहरा आणि पडद्यावरचा चेहरा’ अशी तुलना करणारी छायाचित्रे वापरली जाणार नाहीत, हे करारात लिहून घ्या. आणि मुलाखतीत मेकअपला लागणाऱ्या तासांना त्याग म्हणून मिरवू नका.

कायद्याचा आधार शोधत असाल, तर तो फारसा मिळणार नाही. राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांची नोंद आहे, त्वचेच्या रंगाचा स्वतंत्र उल्लेख नाही. जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेने 2014 मध्ये त्वचेच्या रंगावरून कोणाला कमी लेखू नये असे संकेत घालून दिले, पण ते जाहिरातींपुरते. 2020 मध्ये एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातला ‘फेअर’ हा शब्दही गेला. ऑडिशनच्या निरोपांतूनही तो पूर्वीइतका दिसत नाही; त्याच्या जागी ‘अर्बन लूक’ आणि ‘रूरल लूक’ आले आहेत, आणि कोणत्या लूकसाठी कोणत्या रंगाची मुलगी पाठवायची हे समन्वयकाला न सांगता कळते.

याच पेचात वेगवेगळ्या बाजूंनी सापडलेल्यांची आणखी काही पत्रे माझ्याकडे आहेत, म्हणून त्यांच्यासाठीही इथेच लिहिते. कास्टिंगमध्ये सहायक म्हणून काम करणाऱ्यांनी भूमिकेचे वर्णन पुढे पाठवण्याआधी त्यातला रंगाचा शब्द का आला आहे, हे एकदा विचारावे. कित्येकदा उत्तर ‘असेच, सवयीने’ असे मिळते आणि शब्द तिथल्या तिथे गळतो. ऑडिशनच्या खोलीत पांढऱ्या भिंतीबरोबर एक राखाडी किंवा निळा पडदाही ठेवावा. सावळ्या कलाकारांनी सेल्फ टेप (स्वतःच फोनवर चित्रित करून पाठवायची ऑडिशन) करताना खिडकीकडे पाठ करू नये, खिडकी चेहऱ्याच्या तिरक्या बाजूला घ्यावी, आणि फोनच्या पडद्यावर चेहऱ्याला स्पर्श करून एक्स्पोजर तिथे पक्के करावे. स्वतःच्या छटेचे फाउंडेशन सोबत ठेवावे, कारण मेकअपच्या पेटीत गडद शेड नसली की दोन शेड उजळ लावून चेहरा राखाडी केला जातो आणि मग तोच चेहरा ‘उठत नाही’ म्हणून नाकारला जातो. आणि कोणी कितीही खात्री दिली, तरी गोरे होण्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टिरॉइडची मलमे लावू नयेत. त्यांनी त्वचा पातळ होते, मुरुमे आणि लाली येते, आणि मलम थांबवले की त्रास वाढतो. कॅमेऱ्यासमोर उभे राहणाऱ्याला हे परवडणारे नाही.

राहिली तुमची मैत्रीण. तुम्ही विचारता तिला काय सांगू, आणि त्या प्रश्नात असे गृहीत धरलेले दिसते की तिला अजून काही माहीत नाही. या व्यवसायात कोणाला कोणती भूमिका गेली हे दोन दिवसांत सगळ्यांना कळते. तिलाही कळले असण्याचीच शक्यता अधिक, आणि तुम्ही स्वतः सांगाल म्हणून ती थांबली असेल. तेव्हा निर्णय होईपर्यंत वाट पाहू नका. भूमिका देऊ केली आहे, दिग्दर्शकांशी बोलायचे ठरवले आहे आणि शेवटी काय होईल ते अजून ठाऊक नाही, एवढे सरळ सांगा. नकार दिलात तर तो तिच्यासाठी दिला असे तिला सांगू नका, कारण तिने तो मागितलेला नाही आणि त्याचे ओझे तिने का वागवावे? तिला राग आला तर येऊ द्या, आणि त्या रागाची समजूत घालण्याची घाई करू नका. दिग्दर्शकांना तिचे नाव पुन्हा सुचवायचे असेल, तर आधी तिला विचारा. एकदा रंगावरून परत पाठवलेल्या ठिकाणी पुन्हा जायचे की नाही, हे तिचे तिने ठरवायचे आहे. ती हो म्हणाली, तर शिफारशीत तिने केलेल्या नाटकांची आणि भूमिकांची नावे लिहा. तिच्या रंगाचा उल्लेख त्या निरोपात अजिबात नसला तरी चालेल.